काकांनी सगळे चिंचोके पुढे सारले

मंडळी, मान अवघडलीय, म्हणून थोडक्यात लिहितो.

आज मुरबाडच्या शेतावर काका आणि मी भाताचे भारे खळ्यावर आणत होतो. जेवणानंतर दोघांच्याही अंगात त्राण नव्हतं आणि वीस भारे अजून शेतातच होते. काका म्हणाले, "पत्ते काढ. एकच डाव. हरंल तो सगले भारे आनील."

पोकर त्यांना मीच शिकवलंय. पैशांऐवजी चिंचोके लावतो. माझ्याकडे राजाची जोडी होती, तरी प्रत्येक फेरीला मी चेक म्हणत राहिलो, म्हणजे काही न लावता पुढे. दोघांमध्ये मांडलेल्या पानांतलं शेवटचं पान उघडलं आणि काकांनी सगळे चिंचोके पुढे सारले.

आता कॉल करून तेवढेच लावायचे, की डाव सोडायचा? काका पानांकडे बघतही नव्हते, शेताकडे बघत होते. मला वाटलं, एवढे निर्धास्त आहेत म्हणजे पानं भारी असणार. मी पानं टाकून डाव सोडला.

त्यांच्या हातात नव्वी आणि तिर्री निघाली.

"काय नाय रे," ते म्हणाले. "कंबर उचलंना, म्हनून लावले."

वीस भारे मी एकट्याने आणले. कॉल केला असता तर जिंकलो असतो आणि सत्तरीतल्या काकांना ते वाहावे लागले असते.

ते सरळ "तू आन" म्हणाले असते, तर मी नाही म्हटलं असतं का? सकाळी एकदा नाही म्हटलं होतं.

तुमच्या घरची म्हातारी माणसं दमल्याचं कसं सांगतात?