बारा घोडे, चाकाशी आठ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. वडिलांना तर नाहीच — ते गेले, आणि आपला मुलगा खोटं बोलत नाही एवढं समाधान सोबत घेऊन गेले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतंय. की हेही भित्रेपणच?

मी चोरी केली नाही. कोणाच्या अंगाला हात लावला नाही. एक आकडा होता — साधा, एकेरी आकडा. तो मला माहीत होता आणि मी तो गिळला.

आधी माझा अभिमान सांगतो, तो कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वाशीमजवळच्या गावात आमचा भाजीचा मळा. वांगी, मिरची, मेथी. डोक्यावर पाट्या घेऊन बाजार करणारं घर. त्या घरातून मी नागपूरला जाऊन बी. एस्सी. झालो. घरातलाच काय, गावातला पहिला. आजही सांगताना मान ताठ होते, लपवत नाही. गावात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येई, आणि मी वाचलं ते खरं, असं लोक धरून चालत. हळूहळू मीही तसंच धरून चाललो.

आप्पासाहेब गावातले मोठे जमीनदार. कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांची भागी होती, तिथे त्यांचा शब्द चाले. त्यांना फटफटीची हौस आली. व्यापाऱ्याने पाठवलेलं चित्रांचं पुस्तक त्यांनी माझ्यापुढे टाकलं. शर्यतीच्या धर्तीची, 'स्पोर्ट' म्हणतात तसली एक गाडी होती. खाली छापलेलं — बारा घोड्यांची ताकद. मी मोठ्याने वाचलं. खरंच बारा? त्यांनी विचारलं. मी म्हणालो, विलायतेत छापतात ते मोजून छापतात. माझ्या शब्दावर गाडी मागवली गेली.

बैल घ्यायचा झाला तर माझे वडील विकणाऱ्याचं सगळं ऐकून घेत, मान हलवत, आणि मग तो बैल भरल्या गाडीला जुंपून ओढ्याचा चढ चढवून बघत. त्यांचा मुलगा मी — आणि छापील अक्षरापुढे मला चढ आठवला नाही.

जऊळक्याच्या स्टेशनावर गाडी खोक्यातून आली. जुळवायला जिनिंगमधला मिस्तरी बोलावला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण इंजिनाचं दुखणं तो कान लावून ओळखे. चाक बसवता बसवता म्हणाला, "बारा घोडे तिकून निघाले असतीन साहेब. चाकापावतर आठ पोचले तं लय झालं."

जिनिंगमध्ये तो रोज हेच बघत होता. इंजिनावरच्या पितळी पाटीवर एक आकडा, आणि पट्ट्यांनी आपापला घास खाल्ल्यावर यंत्रांपाशी उरणारा दुसरा. मी काय केलं? आप्पासाहेबांच्या ओट्यावर दहा माणसं बसली होती. मी पुस्तक त्याच्यापुढे धरलं — मुद्दाम उलटं — आणि म्हणालो, वाचा. त्याने पानाकडे पाहिलं, हात पुसले आणि पुन्हा पाना उचलला. लोक हसले. मला बरं वाटलं.

दिवाळीनंतर आप्पासाहेब व्याह्यांना मागे बसवून मेडशीपुढच्या घाटात गेले. दोघेही भरल्या अंगाचे. निम्म्या चढावर गाडी दमली, दोघे उतरून ढकलू लागले. मागून कापसाची बैलगाडी आली. गाडीवान वरूनच म्हणाला, "काहून आप्पासाहेब, बारा दमले? माहे दोन लावू काय?"

ही गोष्ट त्यांच्याआधी गावात पोचली.

आप्पासाहेबांनी मला आणि मिस्तरीला सांगितलं, दोष कुठे आहे ते काढा. दोष दोनच ठिकाणी असू शकत होता — पुस्तकात, म्हणजे माझ्यात. नाहीतर जुळवणाऱ्याच्या हातात. आणि हात खोटे ठरले तर जिनिंगमधलं त्याचं काम जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

मोजू, असं मीच म्हणालो. कॉलेजात मोजलं होतं तसं. जिनिंगच्या मागे गाडीचं मागचं चाक अधांतरी केलं, त्याच्यावर जाड दोर घेतला. दोराच्या एका टोकाला कापूस तोलायची वजनं, दुसऱ्याला स्प्रिंगचा काटा. मिस्तरी दोरावर पाणी ओतत होता, मी काटा आणि घड्याळ बघत होतो. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आठ, वर थोडंसं. मग त्याने इंजिन उघडून दाखवलं. सगळं जागच्या जागी.

छापलेले बारा तसे खोटे नव्हते. ते नुसत्या इंजिनाशी मोजलेले होते, साखळी, गिअर, चाक लागायच्या आधी. पुस्तकात खाली बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं. मी ते आधी वाचलं होतं का? — हो. वाचलं होतं. मोठ्याने वाचलं नव्हतं, कारण बारा ऐकून आप्पासाहेबांचा चेहरा फुलला होता.

मिस्तरी मला हसला नाही. दोर गुंडाळत एवढंच म्हणाला, "आता तुमी सांगसान तं ऐकतीन. माह्यं कोन ऐकते?"

संध्याकाळी ओट्यावर तीच माणसं होती. कडेला माझे वडीलही होते. काय निघालं, आप्पासाहेबांनी विचारलं. मिस्तरी माझ्याकडे बघत होता. निवांत बघत होता — ते निवांतपण मला विसरता येत नाही. मी म्हणालो, "गाडी छापल्याप्रमाणेच आली होती. जुळवताना काय झालं, ते सांगता येत नाही."

हे वाक्य नीट बघा. यात त्याचं नाव नाही. आरोपही नाही. असं वाक्य करायला शिकावं लागतं, आणि मी शिकलेला होतो.

आता तो दोराचं सांगेल, काट्याचं सांगेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, "ते शिकले हायेत. त्याइले मालूम." आणि पायात वहाणा घालून गेला.

घरी येताना वडील म्हणाले, "चांगलं बोलला बापू. कोनाचं नाव खराब नाई केलं."

त्याच हंगामात जिनिंगवर दुसरा मिस्तरी आला. आधीचा अनसिंगला गेला, सायकली आणि शिवणयंत्रं दुरुस्त करू लागला. एकदा तिथे गेलो असता मी त्याला रस्त्याच्या अलीकडून पाहिलं. सायकल उलटी ठेवून चाक फिरवत होता, कान लावून. मी तिथूनच परत फिरलो.

पुढे मी मास्तर झालो. आता लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही. ती फटफटी आप्पासाहेबांच्या गोठ्यात उभी आहे, कोंबड्या बसतात तिच्यावर. वर्गात दरवर्षी ताकदीचा धडा येतो. मी फळ्यावर बारा लिहितो, खाली आठ लिहितो, आणि मधले चार कुठे गेले ते समजावतो. मुलं विचारतात, गुरुजी, हे मोजलं कोणी? मी म्हणतो, मी.

चौदा वर्षं असंच म्हणत आलोय. सकाळी निघालं तर दुपारपर्यंत अनसिंग येतं. मी गेलेलो नाही.

त्याचं नाव किसन. मोजायच्या आधी आठ त्याने सांगितले होते.