मालकाचा रकाना

कापड गिरणीच्या संगणक खोलीतलं ते कपाटाएवढं यंत्र त्या दुपारी कायमचं बंद व्हायचं होतं. तिथे ऑपरेटर असलेली वहिनी त्याला ‘सवत’ म्हणायची. नवरा त्याच खोलीत प्रोग्रामर. जेवायला घरी बसला तरी अर्धं लक्ष या सवतीकडे. शेजारणींसमोर वहिनी ‘आमचे मालक’ म्हणाली की तो चिडवायचा, “मालक मी फक्त फायलींचा. घरात तुझंच राज्य.”

तो गेला. त्याने लिहिलेलं सगळं मात्र सवत बिनबोभाट चालवत राहिली.

आता ते पीसीवर न्यायचं काम वहिनीने मागून घेतलं होतं. परक्या हातून त्याचं काही सांडायला नको.

पहिलीच फाईल आली ती नुसती गिचमीड होऊन. वहिनीला हसू फुटलं. “दोन यंत्रांची बाराखडी वेगळी, मध्ये दुभाष्या बसवावा लागतो,” असं तोच शिकवायचा. तिने अक्षरं बदलून घेण्याचा पर्याय निवडला. फायली शहाण्यासारख्या येऊ लागल्या.

पगार विभागातली नणंद दारातून डोकावली. “काय वहिनी, निघाली का सवत?”

“निघतेय. सामान बांधतेय तिचं.”

“बघू, दादाचं सगळं आलं ना?”

दोघी पडद्याकडे वाकल्या. एकही फाईल कमी नव्हती. पण जुन्या यंत्रावर मालकाच्या रकान्यात जिथे त्याचं नाव होतं, तिथे पीसीवर वरपासून खालपर्यंत वहिनीचं होतं.

“अगं, तू कशी मालक?”

“जो कॉपी करतो तो मालक. या पीसीच्या पोराला काय ठाऊक, लिहिलं कोणी.”

तिने पुन्हा करून पाहिलं. तेच. पीसी पुरवणाऱ्याला फोन लावला. “जुनं नाव येत नाही हो,” तो म्हणाला. “आकडे बरोबर आहेत ना?”

“आहेत.”

“मग हाताने लिही ना दादाचं नाव,” नणंद म्हणाली.

“ते मी लिहिलेलं होईल गं.”

वहिनीने जुन्या पडद्यावर यादी काढली. त्याच्या नावाच्या हिरव्या ओळींवरून ती तळापर्यंत गेली, परत वर आली. मग यंत्र बंद केलं. पंख्यांची घरघर मंदावली, थांबली.

“सुटलीस एकदाची सवतीच्या जाचातून,” नणंदेने मस्करी करून पाहिली.

वहिनीने यंत्रावरची धूळ पदराने पुसली.

“सवत खरी,” ती म्हणाली, “पण त्यांचं नाव तीच लावत होती.”