नरसम्मासाठी थांबलेलं पुस्तक

आत्या आज पहाटे गेली.
"फार सोसावं लागलं नाही त्यांना," डॉक्टर म्हणाले. त्यांना काय माहीत!

माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. शंभरीला टेकली होती, तरी एक गोष्ट सांगताना दर वेळी रडायची.

सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीतली गोष्ट. स्वातंत्र्याच्या दहाएक वर्षं आधीची.

आजोबा गिरणीत कारकून, वाचनालयाचे मेंबर. ते कादंबऱ्या आणायचे आणि सुट्टीच्या दुपारी आत्या त्या चाळीतल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायची. तेव्हा ती शाळकरी पोर होती.
बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. तोंडं मात्र होती!

आता आपण बुक क्लब म्हणतो, कॉफीसकट फोटो टाकतो. तिथं पानापानाला भांडण व्हायचं.
कादंबरीतली बाई घर सोडून निघाली, तेव्हा अर्धी चाळ तिच्या बाजूनं आणि अर्धी नवऱ्याच्या.

सगळ्यात मोठा आवाज नरसम्माचा. तेलुगू घरातली, गिरणीत सुताच्या कामावर.
"गेली ते लई बरं केलं की! मी तर कवाच गेली असती."
सासू शेजारीच बसलेली असायची.

एकदा नरसम्माला यायला जमलं नाही आणि बायकांनी तिच्याबिगर वाचलं. आठवडाभर ती कुणाशी बोलली नाही.
मग तिनंच कायदा केला. "एक बी बाई कमी असली तर पुस्तक उघडायचं न्हाय."
सगळ्यांनी मान्य केला.

त्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण उरलं आणि नरसम्माच्या खोकल्यातून रक्त पडलं.
क्षय.

तिच्या दारावरून जाताना बायका तोंडाला पदर लावायला लागल्या.
दुपारी मात्र नेमानं जमायच्या. मधोमध मिटलेलं पुस्तक.
"नरसू बरी हू दे, मग वाचू की."

ह्याला माया म्हणायचं का भीती? मला अजून संताप येतो. अहो, पुस्तक उचलून तिच्या घरी न्यावं, एवढं एकीलाही सुचू नये?

एक दिवस तिची सासू दारात येऊन उभी राहिली.
"ती इचारतीया, तुमचं वाचून झालं न्हवं? शेवट तेवढा सांगून जावा म्हणती. ती बाई घरी परतली का न्हाय?"

म्हणजे नरसम्माला वाटत होतं, आपल्याला सोडून सगळ्यांनी वाचून टाकलं.

आत्या पुस्तक घेऊन पळाली.
"आत पाय ठेवशील तर बघ!" मागून तिची आई ओरडली.
म्हणून ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि वाचत सुटली. घाईघाईनं, शब्द गिळत, घसा फोडून.

आतून खोकला येत होता. मग येईनासा झाला.
आत्याला वाटलं, ऐकतेय.

शेवटचं पान संपलं तेव्हा सासू बाहेर आली.
"बास पोरी. मगाशीच गेली ती."

मी एकदा म्हणालो, "आत्या, थोडं तरी ऐकलंच असेल की तिनं."
"मला काय माहीत रे? मी बाहेरच बसले होते."

जा आत्या. आता कुणी अडवणार नाही. सरळ आत जा, तिच्या उशाशी बस.

तुला शेवटचा नमस्कार.