अर्ज अपुरा आहे

चष्मा कपाळावर सरकवायच्या, डोळे चोळायच्या आणि म्हणायच्या, "अर्ज अपुरा आहे." तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, आपला कागद ज्याच्या टेबलावर जाऊ नये म्हणून सगळे देवाला हात जोडतात. आमच्याकडे त्या ताई होत्या.

काम अंटार्क्टिकाचं. तिथे जायचं तर पर्यावरण कायद्याखाली परवानगी लागते. काय नेणार, काय परत आणणार, कशाला धक्का लागणार, सगळं लिहून द्यायचं. ते अर्ज ताई सिडनीत बसून तपासायच्या आणि अर्जाचा ऑनलाइन फॉर्म मी सांभाळायचो. ताईंनी स्वतः अंटार्क्टिका कधी पाहिलं नव्हतं. "मी गेले नाही, तेवढीच तिथली घाण कमी," म्हणायच्या.

सिडनीच्या गिरावीन उपनगरात आमची घरं जवळजवळ. पिकनिकला गेलो की संत्र्याच्या साली, चहाचा चोथा, सगळं डब्यात भरून त्या घरी न्यायच्या. बायकोने पुरणपोळी वाढली की ताटाकडे बघून, "तूप कुठंय? अर्ज अपुरा आहे." माझी लेक तर त्यांच्याकडे चॉकलेट मागतानाच सांगायची, "आंटी, माय ॲप्लिकेशन इज कम्प्लीट!"

एकदा एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा अर्ज आला. तिथल्या शेवाळाचा अभ्यास करणारा माणूस. त्याच्या गुरूने ज्या खडकांवर उभा जन्म काम केलं, तिथे त्याला गुरूच्या नावाची तळहाताएवढी पितळी पाटी लावायची होती. जागा संरक्षित. ताईंनी पाच ओळींत नकार पाठवला.

"ताई, एवढीशी पाटी. कोण बघणारे तिथं?"

"कोणी बघणार नाही, म्हणूनच कायदा आहे रे."

बरोबरच होतं त्यांचं. तरी मला राग आला होता, आणि अजून पुरता गेलेला नाही.

मग कोविड आला. घरूनच काम, स्क्रीनवर तेच चार चेहरे, सगळेच दमलेले. ऑस्ट्रेलियाबाहेर पडायलाही आता सरकारची परवानगी लागू लागली. तिकडे मिरजेजवळच्या गावी ताईंच्या आईने अंथरूण धरलं. ताई एकुलती एक लेक. त्यांनी अर्ज केला, पण घाईत गावच्या डॉक्टरांचं मराठीतलं पत्र तसंच जोडलं. इंग्रजी भाषांतर राहून गेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढणारी बाई स्वतःच्या कागदात चुकली. अर्ज परत आला.

भाषांतर करून पुन्हा पाठवला. मंजुरी आली तेव्हा आई जाऊन एक दिवस झाला होता.

मी डबा घेऊन गेलो. ताई दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. मी लांबच उभा.

"बरोबर आहे त्यांचं," त्याच म्हणाल्या. "मीही परतच पाठवला असता." मग चष्मा कपाळावर सरकवून, "पण कुणी एक फोन केला असता ना, तर त्याच दिवशी भाषांतर दिलं असतं रे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून त्या म्हाताऱ्याचा नंबर शोधून घेतला. "पाटी नाहीच लावता येणार," त्यांनी त्याला सांगितलं. "पण हे मी तेव्हा फोन करून सांगायला हवं होतं." तो म्हणे "नो वरीज" म्हणाला आणि पाऊण तास आपल्या गुरूबद्दल बोलत राहिला.

त्यानंतर ताईंनी फॉर्ममध्ये माझ्याकडून एक चौकट वाढवून घेतली: 'नकार पाठवण्याआधी अर्जदाराला फोन केला.' तिथे खूण केल्याशिवाय पत्र पुढे जात नाही. सीमा उघडल्यावर ताई गावी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. राजीनामाही तिकडूनच पाठवला. त्यात मात्र काही अपुरं नव्हतं.

त्यांच्या जागी आलेले साहेब एकदा वैतागले. "ही चौकट कायद्यात कुठे आहे, मेट? काढून टाक."

"अर्ज करा," मी म्हटलं.

त्यांनी केला. मी नीट वाचला. अपुरा होता, म्हणून परत पाठवला. पण त्याआधी फोन केला.