स्तब्धरावांचं हौतात्म्य

चित्रकलेच्या बाईंनी स्तब्धरावांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, प्लास्टरचा पुतळा आहे. शाळेतली नोकरी सांभाळून बाई कला महाविद्यालयाच्या संध्याकाळच्या वर्गाला नुकत्याच येऊ लागल्या होत्या. खोलीच्या मधोमध स्टुलावर कोणीतरी बसलेलं होतं. बाईंनी सरळ जाऊन त्याच्या खांद्याला आपली पर्स अडकवली. वर्ग सुटेपर्यंत पर्स तिथेच होती. मग पुतळा म्हणाला, "बाई, मला निघायचंय. ही घेता का?"

ते तिथले शिपाई. दिवसा चित्र टेकवायचे इझल लावायचे, फरशीवरचे रंग खरवडायचे आणि संध्याकाळी मॉडेल म्हणून बसायचे. न हलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलांनी त्यांचं नाव स्तब्धराव ठेवलं आणि पुढे त्यांची बायकोही तेच म्हणू लागली.

त्याच वर्षी छापखान्यातल्या कामगारांनी संप केला आणि बाईंना पोस्टर करायला सांगितलं. मूठ उंचावलेला कामगार हवा होता. एका रविवारी दुपारी स्तब्धराव बसले. पण हात वर धरणं काही त्यांना जमेना. शेवटी मनगटाला दोरी बांधून ती छताच्या हुकाला अडकवली. दहा मिनिटांत त्यांना झोप लागली. बाईंनी उठवलं नाही. मूठ वर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर पोटभर जेवलेल्या माणसाची शांतता. बाईंनी सगळं जसंच्या तसं काढलं, फक्त दोरी गाळली. आठवड्याभरात संप मिटला आणि पोस्टर सगळे विसरले.

पुढे पस्तीस वर्षं गेली. दोघं निवृत्त झाले आणि सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या वाचनालयात पुन्हा भेटले. बाई तिथे नोंदवही सांभाळायच्या. स्तब्धराव दोन ते पाच खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जाडजूड कादंबऱ्या वाचायचे. त्याला कारण होतं. त्यांचा मुलगा घरून काम करी. त्याच्या मीटिंगमध्ये मागे कॉटवर वडील दिसत. हलत नसल्यामुळे सहा महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस ते शिंकले, आणि पलीकडच्या चौघांनी घाबरून कॅमेरे बंद केले. तेव्हापासून दुपारभर स्तब्धरावांना घरात जागा नव्हती. बायको म्हणाली, "जा हो, माणसांत बसा जरा." त्यांनी वाचनालय गाठलं.

मग कोणीतरी ते जुनं पोस्टर इंटरनेटवर टाकलं.

पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं, हा कोण? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, संपात मारला गेलेला कामगार. पुरावा काय, तर मिटलेले डोळे. तिसऱ्या दिवशी तो कवी झाला. आठवडा संपेपर्यंत दोन तट पडले. एक म्हणे तो गोळीने मेला, दुसरा म्हणे लाठीने. लाठीवाल्यांनी गोळीवाल्यांना भांडवलदारांचे हस्तक ठरवून ब्लॉक केलं. गोळीवाल्यांनी त्याच रात्री आपली वेगळी संघटना काढली. तिच्यात तीन जण होते, आणि त्यातले दोघे अध्यक्ष होते.

स्तब्धराव हे सगळं बाईंच्या फोनवर मन लावून वाचत.

"'भुकेला व्याकरण नसतं.' हे मी म्हटलंय?"

"तुमच्या नावावर आहे खरं."

"बरं म्हटलंय. पण खालचं, ते लग्नसंस्थेबद्दलचं, ते काही मला पटत नाही. घरी दाखवू नका."

घरी कळायचं ते कळलंच. बायको म्हणाली, "मेलात तर मेलात, येताना दूध आणा."

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण त्याच महिन्यात वाचनालय बंद करण्याची नगरपालिकेची नोटीस आली: वाचक कमी, जागा दुसऱ्या कामाला हवी. स्तब्धराव दोन दिवस एकाच पानावर होते. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "आता दुपारी कुठे बसू, ते बघतोय. बसस्थानकावर बाकडी आहेत, पण तिथे हललं नाही तर लोक पोलीस बोलावतात."

आणि तेवढ्यात एक चष्मेवाली मुलगी चार साथीदारांना घेऊन जिना चढून आली. हुतात्मा इथेच वाचायचा, असा शोध त्यांना लागला होता. पोस्टर दारापेक्षा मोठं करून त्यांनी भिंतीवर लावलं, नेमकं स्तब्धरावांच्या खुर्चीच्या वर. 'हुतात्म्याचं वाचनालय वाचवा' अशी मोहीम सुरू झाली. चार दिवसांत अकरा हजार सह्या जमल्या. वाचनालयाचे सभासद एकशे सहा होते.

स्तब्धरावांना राहवेना. त्यांनी चष्मेवालीला बाजूला घेतलं. "बाळ, तो पोस्टरातला माणूस मी आहे."

तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. "काका, तुम्ही जिवंत आहात."

"हो, तेच म्हणतोय."

तिने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "मला पटतंय. पण चळवळीच्या दृष्टीने हा मुद्दा आत्ता उपस्थित करणं बरोबर नाही. तुम्ही व्यक्तिगत घेऊ नका."

"मरणाचं व्यक्तिगत नाही घ्यायचं, तर कशाचं घ्यायचं?"

"बुधवारी अधिकारी पाहणीला येणार आहेत. तेवढं होऊ द्या."

बाईंना रात्री झोप लागली नाही. जन्मभर त्यांनी मुलांना सांगितलं होतं, दिसतं तेच काढा. आणि स्वतः एक दोरी गाळली होती. ती दोरी चित्रात दाखवली असती तर हा माणूस फार तर विनोद म्हणून फिरला असता. पण विनोदासाठी कोणी अकरा हजार सह्या करत नाही, हेही त्यांना कळत होतं.

बुधवारी अधिकारी आले. स्वभावाने चोख. त्यांनी पोस्टर पाहिलं आणि क्षणभर मान झुकवली. मग नोंदवही मागितली. हुतात्म्याचं नाव त्यांनी मोहिमेच्या पत्रकात वाचलं होतं. स्तब्धरावांशी बोलणं झाल्यावर ते चष्मेवालीने सभासदांच्या यादीतून काढलं होतं, त्यामुळे ते त्यांचं खरंखुरं नाव होतं. त्यांनी पानं उलटली.

"हुतात्म्याची सही आहे इथे."

"नियमित वाचक होते ते," चष्मेवाली म्हणाली.

"दिसतंय. काल दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी आलेत."

खिडकीजवळची खुर्ची सरकली. स्तब्धराव उठून उभे राहिले. त्यांना सगळ्यांसमोर उठताना बाई पहिल्यांदाच पाहत होत्या.

"ती सही माझी आहे, साहेब. मी त्यांचा धाकटा भाऊ."

"दोघांचं नाव एकच?"

"आईला ते नाव फार आवडायचं."

अधिकाऱ्यांनी एकदा पोस्टरकडे पाहिलं, एकदा स्तब्धरावांकडे. "चेहरा थोडा जुळतो. पण खरं सांगू का, राग मानू नका, तुमच्यात त्यांचं तेज नाही."

"घरीही असंच म्हणतात," स्तब्धराव म्हणाले.

"बाई, तुम्ही ओळखता यांना?"

बाईंनी नोंदवही मिटली. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती.

"पस्तीस वर्षं ओळखते," बाई म्हणाल्या. "दोघांनाही."

अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला: वाचकसंख्या समाधानकारक, हुतात्म्याचे कुटुंबीय आजही लाभ घेतात. जिना उतरताना त्यांनी हळूच सांगितलं की सह्यांमध्ये एक त्यांचीही आहे, आणि ते स्वतः लाठीवाल्यांच्या बाजूचे आहेत.

नोटीस मागे घेतली गेली. नवी समिती नेमली, तिच्यात हुतात्म्याच्या कुटुंबीयांसाठी एक जागा राखून ठेवली, आणि त्या जागेवर दुसरा उमेदवार नसल्यामुळे स्तब्धराव बिनविरोध निवडून आले. बैठकीत लोक त्यांना विचारतात, आज भाऊ असते तर काय म्हणाले असते? ते थोडा वेळ विचार करतात आणि सांगतात, "पंखा बदला म्हणाले असते." पंखा बदलून झाला. मागच्या महिन्यात खुर्च्यांना गाद्याही आल्या.

वाचनालयाची किल्ली आता स्तब्धरावांकडे असते. दुपारी दोनला ते दार उघडतात आणि पाचला बंद करतात.