कोऱ्या पानावरची पहिली सही

मी चौथीही पुरी केली नाही, पण अंगठा कधी दिला नाही. सही करतो, आडनावासकट, आणि या वयातही ती वळणदार येते. याच सहीनं मला माझ्या गावात खोटं पाडलं.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. कोंढ्याकडच्या आमच्या गावात तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, द्यायची एक जुनी रीत होती. आधी शेपटाच्या, म्हणजे तलावापासून सगळ्यात लांबच्या बांध्यांना द्यायचं, मग मागे येत येत तलावाच्या तोंडाशी असलेल्यांना. तोंडाशी असलेल्याला उशिरा का होईना, मिळतंच. शेपटाकडच्याला आधी मिळालं नाही तर मिळतच नाही. माझी बांधी तोंडाशीच होती, तरी मला ही रीत पटत होती.

त्या साली पाऊस लवकर गेला, तलाव अर्धाच भरला. सरपंचाच्या ओसरीवर चारपाच जणांनी बसून रीत पालटायचं ठरवल्याचं कानावर आलं. सरपंचाची बांधीही तोंडाशी. शेपटाकडचे लोक माझ्याकडे आले. मी म्हटलं, ग्रामसभा मागू. ठराव चावडीसमोर झाला पाहिजे, आणि बुकात जे लिहाल ते तिथंच मोठ्यानं वाचून दाखवलं पाहिजे. तीनदा ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच हसले, चौथी नापास आता आम्हाला कायदा शिकवणार म्हणाले. चौथ्यांदा चाळीस माणसं नेऊन दारातच बसवली. तेव्हा कुठं कोतवालानं सभेची दवंडी दिली.

सभेच्या दिवशी सकाळी एक मेंबर बुक काखेत मारून माझ्या घरी आला. माझा लहानपणचा दोस्त. आम्हीच घरोघर हिंडून त्याला निवडून आणला होता. आमच्याकडे हजेरीच्या सह्या सभेआधीच होत, आणि पहिली सही मानाची. ती कायम सरपंचाच्या भाऊबंदांतल्या कोणाची तरी असायची.

"सभा तुयी हाये भाऊ, पयली सही तुयीच," तो म्हणाला. पानाच्या मधोमध बोट ठेवलं. "इथं कर. वरती तारीखगिरीख लिहा लागते."

बायको चहा गाळता गाळता म्हणाली, वर काही लिहिलंच नाही तर सही कायले? मी तिला गप्प केलं आणि चांगली ठासून सही केली. तेच पान घेऊन तो शेपटाकडच्या घरांत फिरला. माझी सही पाहून त्यांनी भराभर सह्या केल्या, अंगठे दिले.

दुपारी लोक जमले, तर ग्रामसेवकाला ताप आहे म्हणून सभा पुढं ढकलली. आठ दिवसांनी तलावाचं दार उघडलं आणि पाणी आधी तोंडाकडच्या बांध्यांत शिरलं.

आम्ही चौघं एस.टी.नं पंचायत समितीत गेलो. साहेबांनी बुक मागवलं. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा पान उघडून माझ्यासमोर धरलं. माझ्या सहीच्या वर बारीक अक्षरात ठराव भरलेला होता: पाणी तोंडाकडून सोडावे, सर्वानुमते मंजूर.

"सही तुमची?"

मागून एकानं पाठीत बोट टोचलं. खोटी हाये म्हण, असं कानाशी पुटपुटला. म्हटलं असतं तर चौकशी लागली असती. पण माझी सही मी नाकारू कशी?

"मायीच हाये," मी म्हटलं. "पण पान कोरं होतं. सभा झालीच नाही."

"सही करता येणारा माणूस कोऱ्या पानावर सही करते का?" साहेबांनी बुक मिटलं.

संध्याकाळच्या गाडीनं परतलो. फाट्यावर उतरल्यावर एक जण म्हणाला, "तुयी बांधी तोंडालेच हाये नं."

दोस्ताला चावडीपाशी गाठलं. त्यानं नजरही चोरली नाही. "मी कर म्हटलं," तो म्हणाला. "तू काहून केली?"

तिथून सरळ बांधीवर गेलो. धुऱ्यातून, म्हणजे कडेच्या बांधातून, पाणी आत यायची वाट चिखलानं बुजवली आणि वर दगड ठेवला. शेपटाकडचं धान वाळलं, तसं माझंही वाळलं. लोक म्हणाले, दाखवायला केलं. मी दगड काढला नाही.

कापणीला आमच्याकडे काही नव्हतं. बायको विळा घेऊन मजुरीला निघाली, त्या दोस्ताच्याच तोंडाकडच्या बांधीवर. जाताना मला विचारलं नाही, आणि मीही तिला नको म्हणू शकलो नाही.