एका डब्यात दोन चुली

उदगीर जिल्हा करा, ही मागणी त्या दुष्काळात पुन्हा उठली. टँकरची वाट बघत माणसं रिकामी बसलेली, आणि रिकाम्या माणसांना निवेदनं सुचतात. आमचं टायपिंगचं दुकान लग्नपत्रिका आणि निवेदनं यांवर चालायचं. त्या वर्षी लग्नं पुढं गेली, निवेदनं उरली.

कॉम्प्युटरवर रोज एक चौकोन उगवायचा: नवी सिस्टिम फुकट आहे, घ्या. सूनही म्हणायची, घ्या. तिचं बरोबर होतं, म्हणूनच मला पटत नव्हतं. माझा मराठी फॉन्ट जुना, नांदेडच्या एका माणसानं बसवून दिलेला. नव्या सिस्टिमवर तो चालणार नव्हता. लातूर जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्यांना टायपिस्ट हवे होते. त्या काळी मी टाइपरायटरवर शिकले, आणि त्या फॉन्टची बटणं तीच. खाली न बघता टाइप करायची. कोण कोण थक्क होतंय, तेवढं मात्र बघून घ्यायची. हे गेलं तर दुकानात माझी खुर्ची कशाला, एवढाच खरा प्रश्न. तोंडानं सांगायची, नव्यात व्हायरस लई असतात. व्हायरस म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही, नशीब.

नव्या जिल्ह्यात नांदेडकडचं मुखेडही घालायचं होतं, म्हणून तिकडं निवेदन ईमेलनं गेलं. थोड्याच वेळात तिथल्या एका वकिलाचा फोन आला, वाचता येत नाही. मी त्यांना आधी चष्मा पुसायला सांगितलं, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघायला.

"मावशी, आमच्याकडं कानडी चालतंय, तेलुगूबी चालतंय. हे कुठलं हाय?"

माझा फॉन्ट त्यांच्याकडं नव्हता. त्यांच्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस.

सून हसली नाही, हे जास्त लागलं. तिनं तोडगा काढला. "आत्या, एकाच डब्यात दोन चुली मांडू. तुमची तुम्हाला, माझी मला." दोन्ही सिस्टिम ठेवायच्या, चालू करताना मशीन विचारेल, कोणती उघडू. मी सोमवारची अट घातली, महादेवाचा वार म्हणून. नारळ फोडला. त्या उन्हाळ्यात त्याचं पाणी शिंपडण्याची छाती कुणाची होती? दोघींनी पिऊन टाकलं.

पुढं कितीतरी दिवस मी तिच्या चुलीकडं फिरकले नाही. मग एका सकाळी टँकर आला, सून घागरी घेऊन पळाली, आणि जिल्हा मागणाऱ्या समितीची माणसं दारात उभी राहिली. दुरुस्त निवेदन आत्ताच मुखेडला जायला हवं होतं. सुनेला येऊ द्या म्हटलं, तर खुर्ची तिची झाली. म्हणून तिचीच सिस्टिम उघडली. एकेक अक्षर चुकलेल्या कोंबडीसारखं शोधत होते. माणसं सौजन्यानं छताकडं बघत राहिली.

सून परतली ती कमरेवर भरली घागर घेऊन. मागं उभं राहून तिनं सगळं वाचलं.

"आत्या, जिल्हा राहिलाय."

ते जोडाक्षर सापडेना म्हणून मी जागा मोकळी सोडली होती, प्रत्येक ओळीत. तिनं घागर खाली ठेवली, ओल्या बोटानं बटण दाखवलं. दाबलं मीच. दुपारी वकिलांचा फोन आला, वाचता आलं म्हणून.

जिल्हा अजून झालेला नाही. जुनी सिस्टिम मी पुढच्या पाडव्याला पुसून टाकली, सुनेला न विचारता. खुर्ची सोडली नाही. तिनं शेजारी दुसरी आणून ठेवली.